सहा इंची पट्टी

प्रेमकथांमध्ये पहिल्या भेटीत हृदय फडफडतं, असा संकेत आहे. इथे गिटारची सहावी तार फडफडत होती.

आणि तीही चुकीच्या दिवशी. वाद्यदुरुस्तीच्या त्या दुकानात गिऱ्हाइकांशी बोलायचं काम काकांचं. पुतणीचं काम आतल्या टेबलाशी मान खाली घालून कानस चालवायचं. पण त्या सकाळी काका अक्कलदाढ काढून घ्यायला दंतवैद्याकडे गेले होते. पुढे जे घडलं ते पाहता, घराण्यातली सगळीच अक्कल त्या एका दाढेबरोबर गेली असं म्हणायला जागा आहे.

दुकान पहिल्या मजल्यावर, खाली लॉन्ड्री. लॉन्ड्रीची वाफ जिन्यातून वर यायची, त्यामुळे आत शिरणारा प्रत्येक माणूस नुकताच इस्त्री होऊन आल्यासारखा दिसे – थोडा गरम, थोडा दमट. हाही तसाच आला. कपाळावर केस चिकटलेले, पाठीवर गिटारची काळी पिशवी.

"मालक नाहीत का?"

"दाढ काढायला गेलेत."

"मग मी नंतर –"

"मला दाढ सोडून सगळं काढता येतं," ती म्हणाली. "काय होतंय गिटारला?"

तो चमकला. त्यात नवल नव्हतं; तिचा आवाज ऐकून लोक चमकायचेच. आवाज खोल होता, विहिरीत घागर बुडताना येतो तसा. फोनवर लोक तिला "हो साहेब" म्हणायचे, आणि वाद नको म्हणून तीही साहेब होऊन बोलायची. शाळेत समूहगानाच्या वेळी गाण्याच्या बाईंनी तिला शेवटच्या रांगेत उभं करून मायेने सांगितलं होतं, "तू नुसते ओठ हलव हं बाळा." मामेभावाने त्याच संध्याकाळी तिचं नाव भोंगा ठेवलं, आणि ते घरात फार लवकर रुळलं. तेव्हापासून ती चारचौघांत गायली नव्हती. ओठ मात्र उत्तम हलवायची.

पण याचं चमकणं निराळं होतं. त्याने मान किंचित तिरकी केली.

"पुन्हा म्हणा बरं."

"काय?"

"तेच. काय होतंय गिटारला."

"ते तुम्ही सांगायचं असतं."

तो हसला आणि त्याने गिटार बाहेर काढली. घसा बसल्यामुळे वरचा स्वर लागत नव्हता, म्हणून त्याने सगळ्या तारा एक स्वर खाली उतरवल्या होत्या. स्वर उतरला, पण तारांनी अंग टाकलं. त्याने सहावी तार छेडली. वाळत घातलेली चादर वाऱ्यावर आपटावी तसा आवाज झाला.

"दहाचा सेट दिसतोय," ती म्हणाली.

"दहा म्हणजे?"

"इंचाचे हजार भाग केले तर त्यातले दहा. ही पहिल्या तारेची जाडी. सहावी शेहेचाळीस. नेहमीच्या स्वराला ठीक आहे. पण तुम्ही तार उतरवलीत, म्हणजे तिचा ताण काढून घेतलात. मग ती झोळी होते, मानेवरच्या धातूच्या फ्रेटवर आपटते. जोरात छेडली तर आधी स्वर चढतो, मग शरमून खाली येतो. खाली उतरायचं तर जाड व्हावं लागतं."

"हे माणसांना पण लागू आहे का?"

"नाही. माणसं जाड होऊनही वरूनच बोलतात."

तो पुन्हा हसला. तिने खण उघडून अकराचा सेट काढला. सहावी तार बावन्नची.

"तुटणार नाहीत ना?" तो म्हणाला. "तुटेपर्यंत ताणू नये म्हणतात."

"ते सगळेच म्हणतात. ढिलं सोडल्यावर काय होतं, ते कुणी सांगत नाही."

हे वाक्य खरं तर काकांचं. पण काका दाढेत होते.

ती कामाला लागली. नव्या तारा गिटारच्या डोक्यापाशी हाडाच्या ज्या बारक्या पट्टीतून जातात, तिला नट म्हणतात. या नटाला अभिनय करावा लागत नाही. आपापल्या खाचेत तार धरून गप्प बसायचं, एवढीच भूमिका. जाड तारेसाठी त्या खाचा किंचित मोकळ्या कराव्या लागतात. ती कानस चालवत होती, खर्र... खर्र... आणि त्या आवाजाआड, रोजच्या सवयीने, गुणगुणत होती. कानस थांबली की गुणगुणणं थांबे. इतकी वर्षं हा बंदोबस्त चोख चालला होता.

"काय गुणगुणत होता?" तो म्हणाला.

"मी? छे. कानशीचा आवाज तो."

"कानस छान गाते तुमची."

तिने मान वर केली नाही. कान मात्र तापले. लॉन्ड्रीची वाफ, दुसरं काय.

"तुम्ही काय करता?" तिने विषय बदलला.

"कानाच्या दवाखान्यात असतो. श्रवणचाचणी घेतो. माणसाला बंद खोलीत बसवायचं, हेडफोन लावायचे, बारीक बारीक आवाज सोडायचे. ऐकू आलं की बटण दाबा – एवढंच."

"सोपं आहे की."

"कसलं सोपं. निम्मे लोक उशिरा दाबतात. आवाज येऊन गेलेला असतो आणि हे बसलेत विचार करत – खरंच आला, की मला आपलं वाटलं?"

जाताना त्याची नोंद करायची होती. काकांची वही जगावेगळी. त्यात गिऱ्हाइकाचं नाव नसे, वाद्याचा दोष असे. माणसं नावं बदलतात, खोड बदलत नाहीत, असं काकांचं म्हणणं. वहीत वर "खरखर" होता, खाली "कुरकुर बाई" होत्या. त्याने दवाखान्याचा फोन नंबर दिला; त्यापुढे तिने लिहिलं – फडफड.

त्याने वाकून वाचलं. "हे माझं नाव?"

"बरे झालात की खोडू."

"घाई नाही," तो म्हणाला, आणि गेला. दार नुसतं लोटून. ती कडी घट्ट होती, अनोळखी माणसाला लागत नसे.

तो महिन्याभरात परत आला. या वेळी काका होते, एक गाल अजून सुजल्यासारखा धरून.

"फडफड आला बघ," काका आत ओरडले.

"घसा बरा झाला ना?" तिने विचारलं.

"घसा ठणठणीत. पण आता दोन स्वर खाली जायचंय."

"दोन? तारा परत झोळी झाल्या असतील."

"झाल्यात ना. म्हणून तर आलो," तो म्हणाला. त्याला या गोष्टीचा इतका आनंद का झाला होता, हे काकांना कळलं नाही. तिला कळलं असतं, पण ती सहाव्या तारेकडे बघत होती.

दोन स्वर खाली म्हणजे साधा जाड सेट पुरत नाही. तिने सुट्या तारांची पाकिटं टेबलावर मांडली आणि दोघं त्यावर वाकले. पहिली बाराची. सहावी छपन्न की साठ? साठची धरली तर ठणठणीत, पण बोटांना जाच. छपन्नची हाताला मऊ, पण जोरात वाजवलं तर डळमळणार.

"तुम्ही जोरात वाजवता?"

"तुम्ही सांगाल तसं."

"मला सांगून काय उपयोग? हात तुमचा आहे."

"मग छपन्न. मी हळूच वाजवतो."

"आणि तिसरी तार? साधी की वेटोळ्याची?"

"फरक काय?"

"साधी जाड तार खालच्या स्वरात बेसूर होते. चांगली जाडजूड असते, पण मनातून डगमगते. वेटोळ्याची, म्हणजे वरून बारीक तार गुंडाळलेली, ती स्थिर."

"साध्या जाड तारेबद्दल फार बोलताय. तिच्या बाजूने पण कुणीतरी असेल."

"आहे ना. काका. त्यांना वेटोळ्याच्या तारा महाग वाटतात."

"मी ऐकतोय हं," काका म्हणाले.

शेवटी वेटोळ्याची ठरली. मग तिने कानस उचलली आणि खाली ठेवली.

"एक सांगते. या जाडीला नटाच्या खाचा चांगल्याच रुंद कराव्या लागतील. रुंद केलेली खाच परत अरुंद होत नाही. विचार केलाय?"

"केलाय."

"अजून खाली गेलात तर तळघर लागेल."

"तळघरात कुणी भेटलं तर?"

खर्र... खर्र... कानस चालू झाली. तारा बसल्यावर त्याने वाजवून बघितलं. तो रचत असलेलं एक गाणं होतं. आता त्याला शब्दही फुटले होते. तो अगदी पडक्या आवाजात, खालचा स्वर लागत नसताना, म्हणाला:

*दार नुसतं लोटलंय... लावलं नाही...*

आणि खोकला.

"हे तुमच्या गळ्यात बसत नाही," ती म्हणाली.

"नाहीच बसत. माझ्यासाठी नाहीये ते."

"मग?"

"आहे एक आवाज." तो पाकिटाची घडी घालत राहिला. उघडली, पुन्हा घातली. "अजून विचारलं नाहीये तिला."

*तिला.* एवढासा शब्द, पण तो तिला साठच्या तारेसारखा लागला. म्हणजे कुणीतरी होती. गाणारी होती. आपण इथे खाचा रुंद करतोय आणि त्यातून वाजणार दुसरीच. तिने टेबलावरचा हाडाचा भुगा ब्रशने गोळा केला, फार काळजीपूर्वक, जणू त्याची कुणी मोजदाद करणार होतं.

"विचारा की मग," ती म्हणाली. आवाज होता त्याहून खाली गेला.

पुढचे तीन आठवडे ती गुणगुणली नाही, असं तिचं मत. काकांचं मत वेगळं. त्यांच्या मते तिन्ही आठवडे दुकानात एकच गाणं चालू होतं, आणि दार नुसतं लोटल्याची तक्रार होती.

तिसऱ्या वेळी तो आला तेव्हा ती एका दुसऱ्याच गिटारच्या तारांची उंची मोजत होती. त्यासाठी तिच्याकडे एक सहा इंची स्टीलची पट्टी होती, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांची. दुकानात पट्टी म्हणजे ती पट्टी. दिवसातून वीस वेळा काका बाहेरून ओरडत, "पट्टी कुठंय?" आणि ती न बघता हात पुढे करी. डॉक्टरचा हात जसा कात्रीसाठी पुढे होतो, तसा काकांचा पट्टीसाठी होई. या घराला पट्टी या शब्दाचा दुसरा अर्थ माहीत नव्हता असं नाही, पण तो वापरात नव्हता.

तो आज इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. खरोखरच्या इस्त्रीचा, जिन्यातल्या नव्हे.

"तारा तक्रार करतायत का?" तिने विचारलं.

"नाही. एक विचारायचं होतं."

"विचारा."

"अजून अर्धा स्वर खाली जायचं का... ते तुमच्यावर आहे."

"माझ्यावर कसं? गाणारी सांगेल ना."

त्याने खोल श्वास घेतला. इतका खोल की बाहेर काकांचं पेपरचं पान उलटायचं थांबलं.

"म्हणजे... तुमची पट्टी कोणती?"

तिने हातातली पट्टी वर धरली.

"ही. स्टीलची, सहा इंची," ती म्हणाली. "प्लास्टिकची पण आहे एक, पण ती वाकते."

तो पट्टीकडे बघत राहिला. मग तिच्याकडे. तिचा चेहरा अगदी सरळ होता. तो नेहमीच सरळ असे. त्या चेहऱ्याने आजवर शंभर विनोद केले होते आणि एकदाही ओठ हलू दिला नव्हता. त्यामुळे हा एकशे एकावा आहे, असं समजायला त्याला काहीच अडचण आली नाही.

"छान," तो हसून म्हणाला. हसू जरा उशिरा आलं. "कळलं."

"काय कळलं?"

"माप."

आणि तो गेला. लोटलेलं दार थोडा वेळ मागे-पुढे हलत राहिलं.

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमाराला खाली लॉन्ड्रीवाला कुणावर तरी भडकला. चादर कुणाची, डाग कुणाचा, असा काहीतरी वाद. काका खिडकीतून डोकावले आणि म्हणाले, "किती वरच्या पट्टीत ओरडतो गं हा."

आत कानस थांबली.

वरच्या पट्टीत... *तुमची पट्टी कोणती?*

ती हातात कानस धरून बसून राहिली. पट्टी. गाण्याची पट्टी. कुठल्या स्वरात गाता, असं विचारत होता तो. पण असं कसं? आपल्याला कोण विचारेल? भोंग्याची कुणी पट्टी विचारतं का? त्याने खरंच सहा इंचीचंच विचारलं असेल. घरी तारांची उंची मोजायला हवी असेल त्याला. आणि समजा गाण्याची विचारली, तर त्याचा अर्थ... खरंच आला, की मला आपलं वाटलं?

हे ठरवायला तिला सव्वा महिना लागला.

सव्वा महिन्यानंतर तिने वही उघडली, "फडफड" पुढचा नंबर काढला आणि फोन लावला. कारण तयार होतं: तारा बदलायची वेळ झाली. पलीकडे एका मुलीने फोन उचलला, काचेच्या वाटीवर चमचा वाजावा इतक्या गोड, उंच आवाजात.

"कानाचा दवाखाना. बोला."

"मला जरा... ते श्रवणचाचणी घेतात ना, त्यांच्याशी –"

"हो सर, आत पेशंट आहे. काय नाव सांगू सर?"

नाव सांगायचं म्हणजे आधी आपण सर नाही हे सांगायला हवं होतं. एरवी हजारदा सांगितलं असतं, हसून. त्या दिवशी जमलं नाही.

"राहू द्या," साहेब म्हणाले, आणि फोन ठेवला.

"कोण होतं?" काकांनी विचारलं.

"राँग नंबर."

"तूच लावलास ना?"

"म्हणून तर."

काकांनी बराच वेळ तिच्याकडे पाहिलं. मग त्यांनी अकॉर्डियनचा एक स्क्रू उगाचच घट्ट केला. या घराण्यात दुःख झालं की लोक स्क्रू घट्ट करतात.

तो चौथ्यांदा आला तेव्हा हवा बदलली होती, जिन्यातली वाफ हवीहवीशी वाटायला लागली होती. तो जरा भरला होता, केस बारीक कापले होते. त्याने गिटार टेबलावर ठेवली.

"परत दहाचा सेट टाकायचाय. नेहमीच्या स्वराला."

"एवढं खाली जाऊन परत वर?"

"गाणारी मिळाली. वरच्या स्वरात गाते." तो गिटारच्या पट्ट्याशी चाळा करत म्हणाला, "आमच्याच दवाखान्यात, फोनवर असते. आमचं... ठरलंय."

काचेच्या वाटीवर चमचा वाजला. तिच्या डोक्यात.

"अरे वा," ती म्हणाली. "अभिनंदन."

बाहेर काकांनी अकॉर्डियनचा भाता तपासायला उघडला होता. तो तसाच उघडा राहिला.

"खाचा रुंद झाल्यात," ती नट बघत म्हणाली. "बारीक तारा त्यात खुळखुळतील. नवा नट बसवावा लागेल. मी तेव्हाच म्हटलं होतं, विचार केलाय का."

"म्हटलं होतंत. आणि मी केला होता."

ती पान्हा शोधायला वळली. पान्हा समोरच होता. विचारू नये असं तिला वाटत होतं, आणि विचारलंच.

"तेव्हा खाली नेलं होतं ते... कुणासाठी?"

"आता सांगायला हरकत नाही." तो हसला. जुनी दुखापत दाखवताना माणूस हसतो तसा. "एक होती. काम करताना गुणगुणायची. कानशीच्या आवाजाआड. तिला वाटायचं, कुणाला ऐकू येत नाही. मी कानाच्या दवाखान्यात काम करतो हो, गिटारच्या डॉक्टरीणबाई! असा आवाज मी जन्मात ऐकला नव्हता. म्हटलं, तिच्यासाठी एक गाणं करू. अंदाजाने खाली खाली जात राहिलो. पण अंदाजाने किती जाणार? म्हणून एक दिवस चांगला शर्ट घालून गेलो आणि तिला तिची पट्टी विचारली."

"आणि?"

"तिने सहा इंची दाखवली." तो आता मोकळेपणी हसत होता. "इतका सभ्य नकार मला कुणी दिला नव्हता. 'प्लास्टिकची वाकते' – हे तर मी अजून लोकांना सांगतो."

ती हसली नाही.

"तो नकार नव्हता," ती म्हणाली. "पट्टी होती."

"म्हणजे?"

"म्हणजे मला पट्टीच वाटली. मोजायची."

तो तिच्याकडे बघत राहिला. मग त्याच्या तोंडून एक हसू निसटलं, मग तिच्याही. आणि मग दोघं इतके हसले की खालून लॉन्ड्रीवाल्याने वर बघितलं असणार. हसू संपलं तेव्हा मात्र कुणाला कुठे बघावं कळेना. टेबलावर ती पट्टी पडली होती, अर्ध्या मिलिमीटरच्या खुणांसकट. तिने एवढं मोठं अंतर मोजता आलं नसतं.

"कधी कळलं?" त्याने हळूच विचारलं.

"दुसऱ्या दिवशी. अकरा वाजता."

"मग –"

"मग मी विचार करत बसले. खरंच आला, की मला आपलं वाटलं."

फोनचं तिने सांगितलं नाही. ते सांगितलं असतं तर त्या गोड आवाजाच्या मुलीचा त्यात उगाच दोष निघाला असता, आणि तिचा दोष एवढाच की तिने एका साहेबाला सर म्हटलं.

तो पट्ट्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. ठरलेलं होतं. ठरलेलं मोडणारा तो माणूस नव्हता, आणि तो तसा असता तर तिला आवडला नसता. प्रेमात हीच गैरसोय असते.

"तारा काढायच्या आधी एकदा वाजवून बघावं लागतं," ती म्हणाली. "नियम आहे."

असा काही नियम नव्हता. काकांनी तीस वर्षांत तो ऐकला नव्हता. पण त्यांनी मान हलवली. "आहे, आहे," ते बाहेरून म्हणाले. "जुना आहे."

त्याने गिटार मांडीवर घेतली. खालचा तो जाड, उबदार स्वर खोलीभर पसरला. तारा जुन्या झाल्या होत्या, पण फडफडत नव्हत्या. तो वाजवत राहिला, गायला नाही.

तिने कानस उचलली नाही. दोन्ही हात टेबलावर ठेवले. आणि नुसते ओठ न हलवता, ती गायली.

*दार नुसतं लोटलंय... लावलं नाही...*

एकच कडवं होतं. दुसरं त्याने लिहिलंच नव्हतं. ती संपेपर्यंत काका अकॉर्डियनचा भाता उघडा धरून बसले होते. सोडला असता तर मध्येच सूर लागला असता. त्यांचे हात भरून आले होते, पण त्यांनी सोडला नाही.

"तू –" तो म्हणाला.

आणि थांबला. इतक्या भेटींत तो शब्द एकदाही आला नव्हता. आणि आला तो आता. त्याने घसा साफ केला.

"तुम्ही... जरा चढं पडलं ना तुम्हाला? वर जाताना?"

"अर्धा स्वर."

"मला वाटलंच होतं. अजून अर्धा स्वर खाली हवं होतं."

"हो," ती म्हणाली. "विचारलंत तेव्हा सांगायला हवं होतं."

मग ती कामाला लागली. ताणलेल्या तारा एकदम कापायच्या नसतात. गिटारच्या मानेला धक्का बसतो. एकेक करून आधी ढिली करायची. तिने खुंटी फिरवायला घेतली. सहावी तार आणखी खाली गेली... अर्धा स्वर, जिथे ती जायला हवी होती, तिथून हलकेच गेली... आणखी खाली, फडफडली, आणि गप्प झाली. मग पाचवी. तो खिडकीशी उभा राहून वाळत घातलेल्या चादरी बघत होता.

नवा नट बसला. दहाचा सेट चढला. पहिली दहा, सहावी शेहेचाळीस. गिटार अशी टणक आणि तरतरीत वाजायला लागली की जणू ती कधी कुठे उतरलीच नव्हती.

"जुना नट देऊ?" तिने विचारलं.

"राहू दे इथेच," तो म्हणाला. "माझ्या काय कामाचा?"

वहीत "फडफड" पुढे काकांनी लिहिलं – बरी.

तो दारापर्यंत गेला, वळला, काहीतरी म्हणेलसं वाटलं. मग नुसती मान लववून बाहेर पडला. या वेळी त्याने दार लावून घेतलं. कडी घट्ट होती, त्याला दोनदा प्रयत्न करावा लागला, पण लावली. जिन्यातली वाफ आत येते म्हणून, बहुधा.

त्यानंतरच्या आठवड्यात कधीतरी, कुणाच्या तरी गिटारची उंची मोजायची होती. ती आत टेबलाशी गात होती. कानस बाजूला पडली होती, हातात नुसती तार होती, आणि आवाज लॉन्ड्रीपर्यंत जात होता. लॉन्ड्रीवाल्याने आजवर तक्रार केलेली नाही.

"पट्टी कुठंय गं?" काका बाहेरून ओरडले.

"खाली," ती म्हणाली. "अजून अर्धा स्वर."

काका गुडघे धरून वाकले आणि टेबलाखाली शोधायला लागले.